दिल्लीच्या टेकडीवरील बुरूज

दिल्लीच्या उत्तरेस, अरवलीच्या खडकाळ धारेवर, एक ठेंगणा गोल बुरूज उभा आहे. फ्लॅगस्टाफ टॉवर हे त्याचे नाव. इंग्रजांनी तो १८२८ साली खुणेचे संदेश देण्यासाठी बांधला.

११ मे १८५७ रोजी मीरतचे शिपाई दिल्लीत शिरताच इंग्रज कुटुंबे या बुरुजाच्या आश्रयास आली. मीरतहून कुमक येईल म्हणून दिवसभर सर्वांचे डोळे वाटेकडे लागले होते. कुमक आली नाही. सायंकाळी ती मंडळी करनालच्या मार्गाने निघाली. जूनमध्ये इंग्रजी फौजेने हीच टेकडी व्यापली. सप्टेंबरात दिल्ली पडली आणि असंख्य रहिवासी नगराबाहेर हाकलले गेले.

या उंचीवरून शहराचे घुमट दिसत, तट दिसत. तटाआड धुमसणारे लोकमानस मात्र दिसले नाही. राज्यकर्त्यांना त्यासाठी बुरूज उतरूनच खाली यावे लागते.