निदान शिकवायचे कसे?



वैद्यकाच्या पुस्तकात रोगाचे नाव आधी येते आणि लक्षणे मागाहून. आपल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या दारात, म्हणजे तुम्हां-आम्हांच्या सीपीआरमध्ये, क्रम अगदी उलटा असतो. रोगी नाव घेऊन येत नाही, तो म्हणतो, "पोट दुखतंय."

समजा, पावसाळ्यातली पहाट आहे. जमिनीवर निजलेला एक तरुण पोटात कळा येऊन जागा झाला, दोन वांत्या झाल्या. शिकाऊ डॉक्टरने केसपेपरावर 'अपचन' लिहिले. एकदा ते लिहिले, की पुढचा प्रत्येकजण तेच वाचतो. अंगावर जखम नाही, सूज नाही, साप कुणी पाहिलेला नाही. पापण्या जडावल्या आहेत खऱ्या, पण रात्रीची झोप मोडली म्हणून तसे असेल, अशी समजूत घालून घेता येते. मण्यारीचा दंश पुष्कळदा असाच असतो. तिचे दात बारीक. डंख झाल्याचे निजलेल्याला कळतही नाही. विष मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप तोडते. पापण्या आधी मिटतात, श्वास पुढे थांबतो. वेळीच प्रतिविष आणि यंत्राचा श्वास मिळाला, तर तोच गडी पायांनी घरी जातो.

आता आम्ही शिक्षकांनी 'अरे, ही मण्यार!' असे सांगून टाकले, तर विद्यार्थ्याला मण्यार कळेल. निदान कळणार नाही. त्याला खाटेशीच विचारले पाहिजे: अपचन असेल तर पापण्या का मिटतात? तुझे म्हणणे खोटे पाडील अशी खूण कोणती, आणि ती तू शोधलीस का? रात्री कुठे निजला होता, हे विचारलेस? 'ठाऊक नाही' असे तो म्हणाला, तर त्याच्यावर डाफरू नये. आम्ही डाफरतो, हे कबूल केले पाहिजे. फेरी लांबते, खाटा संपत नाहीत, आणि उत्तर आम्हीच देऊन मोकळे होतो.

यंत्रे नसली की निदान अडते, हीही एक सबबच. कोकणात विंचूदंशाने माणसे दगावत, त्या काळी डॉ. हिम्मतराव बावस्करांनी बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रात रोग्याजवळ बसून घाम, नाडी, गार पडणारे हातपाय यांची टिपणे ठेवली. १९८२ साली ती निरीक्षणे 'लॅन्सेट'ने छापली.

अलीकडे आम्ही एवढेच करतो: शिकाऊ डॉक्टरला पहिल्या निदानापुढे प्रश्नचिन्ह काढायला लावतो. तासाभराने त्यानेच पुन्हा खाटेशी जायचे, रोग्याला डोळे उघडायला सांगायचे, आणि ते चिन्ह ठेवायचे की खोडायचे, हे कारणासह आम्हांला सांगायचे.