विद्यापीठाखालची जमीन

आज कृषी पदवी घेणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

दीक्षान्त समारंभात पाहुण्याने उपदेश करावा अशी रूढी आहे. मी इतिहासाचा माणूस. मला उपदेशापेक्षा तुमच्या विद्यापीठाची कुळकथा सांगणं जास्त जमेल. 1960 साली पंतनगरला देशातलं पहिलं कृषी विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा इलिनॉय विद्यापीठातले तज्ज्ञ मदतीला होते. शिकवणं, संशोधन आणि शेतकऱ्यापर्यंत पोहोचणं ही तिन्ही कामं एकाच संस्थेने करायची, ही कल्पना तिकडचीच. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही आपली चारही विद्यापीठं पुढे त्याच वाटेने आली. अमेरिकेत अशा विद्यापीठांना ‘लँड-ग्रँट’ म्हणतात, कारण सरकारने दिलेल्या जमिनी विकून ती उभी राहिली. ती जमीन सरकारकडे आली कुठून, हे मला आज तुम्हाला सांगायचं आहे.

1790 साली अमेरिकेने पहिली जनगणना केली, तेव्हा लोकसंख्या होती जेमतेम 39 लाख, आणि त्यातले बहुतेक अटलांटिकच्या बाजूला. सरकार कर्जात बुडालेलं. हाताशी म्हणावी अशी एकच गोष्ट, पश्चिमेकडची जमीन. ती विकता यावी म्हणून 1785 मध्येच कायदा झाला होता: सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन आखायचे, प्रत्येकाचे 36 भाग पाडायचे, आणि त्यातला सोळावा भाग शाळेसाठी राखायचा. माणसं यायच्या आधी शाळेची जागा ठरलेली! माझ्यातला मास्तर हे वाचून दर वेळी हरखतो. 1787 चा कायदा तर आणखी पुढचा. ओहायो नदीच्या उत्तरेकडचा मुलूख कायमची वसाहत राहणार नाही, पुरेशी वस्ती झाली की जुन्या राज्यांच्या बरोबरीचं राज्य होईल, आणि तिथे गुलामगिरी नसेल, असं त्यात लिहिलं होतं. मूळ रहिवाशांच्या जमिनी त्यांच्या संमतीवाचून घेणार नाही, असंही त्यातच लिहिलं होतं.

पुढे 1803 साली नेपोलियनकडून दीड कोटी डॉलरना लुइझियाना घेतला आणि देश एका खरेदीखतात दुप्पट झाला. त्या मुलखात राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही.

मला जी गोष्ट सांगायची आहे ती इथून सुरू होते. या तरुण राष्ट्राने आपले अवघड प्रश्न जमिनीवर ढकलले. गरिबी वाढली, जा पश्चिमेला. दोन समाजांचं पटत नाही, जा पश्चिमेला. गुलामगिरीचं काय करायचं, हे राज्यघटना लिहितानाही ठरवता आलं नव्हतं. ती हळूहळू आपोआप विझेल अशी अनेकांची आशा होती. पण 1793 मध्ये सरकी काढण्याचं नवं यंत्र आलं, अलाबामा-मिसिसिपीकडची काळी जमीन कापसाखाली आली, आणि 1790 मध्ये सुमारे सात लाख असलेले गुलाम 1860 पर्यंत जवळजवळ चाळीस लाख झाले. स्थलांतर म्हटलं की सिनेमामुळे आपल्याला बैलजोडीच्या गाड्यांचा तांडा आठवतो. प्रत्यक्षात व्हर्जिनिया-मेरीलँडकडून दक्षिणेच्या कापूसपट्ट्यात सुमारे दहा लाख माणसं बळजबरीने नेली गेली, कित्येकदा साखळदंडात, लेकरांपासून तोडून. तेही स्थलांतरच. प्रत्येक नव्या राज्याच्या वेळी तोच वाद पुन्हा: 1820 मध्ये मिसूरी, 1845 मध्ये टेक्सस, 1848 मध्ये मेक्सिकोकडून जिंकलेला मुलूख, 1854 नंतर कॅन्सस, जिथे शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारलं. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं. मोकळ्या जागेने वाद मिटवला नाही, त्याला वाढायला जागा दिली.

चेरोकी या मूळ रहिवासी लोकांची हकीकत तर तुम्ही शेतकऱ्यांची मुलं म्हणून ऐकायलाच हवी. जॉर्जियातले हे लोक नांगर धरून शेती करत होते. सेक्वोया नावाच्या त्यांच्यातल्या एकाने 1821 च्या सुमारास भाषेची लिपी तयार केली. 1827 मध्ये त्यांनी लेखी राज्यघटना केली, 1828 मध्ये वर्तमानपत्र काढलं. ‘सुधारा म्हणजे तुम्हाला ठेवू’ ही अट त्यांनी जवळजवळ अक्षरशः पाळली होती. तरी 1830 मध्ये त्यांना हलवण्याचा कायदा झाला. 1832 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच वर्षी जॉर्जियाने त्यांच्या जमिनींची गोऱ्या नागरिकांसाठी सोडत काढली. चेरोकी तेव्हा अजून त्याच घरांत राहत होते. 1838 मध्ये सुमारे सोळा हजार जणांना सैनिकांच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे हाकललं. त्यात चार हजारांच्या आसपास दगावले, असा अंदाज सांगतात.

आता 1862. लिंकनने जेमतेम सहा आठवड्यांत तीन कायद्यांवर सह्या केल्या. पहिल्याने पाच वर्षं कसेल त्याला 160 एकर जमीन दिली, दुसऱ्याने किनाऱ्यापर्यंत रेल्वेची सोय केली. तिसरा मॉरिल कायदा: प्रत्येक राज्याला त्याच्या संसदेतल्या दर सदस्यामागे तीस हजार एकर, आणि ती विकून आलेल्या पैशातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालयं. पूर्वेकडच्या राज्यांना तर दूरच्या जमिनीचे हक्क-कागद मिळाले. न्यूयॉर्कमधल्या कॉर्नेल विद्यापीठाचा पैसा विस्कॉन्सिनच्या पाइनच्या जंगलातून आला. त्याच वर्षी 26 डिसेंबरला मिनेसोटातल्या मँकेटो गावात डाकोटा या मूळ रहिवाशांतल्या 38 पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं गेलं. जमिनीच्या बदल्यात कबूल केलेली रक्कम वेळेवर न पोहोचल्याने उपासमार झाली होती आणि त्यातून उठाव. डाकोटांकडून घेतलेली जमीनही विद्यापीठांच्या वाट्याला आली.

हे सांगून मी त्या विद्यापीठांना खोटं ठरवत नाही. शेतकऱ्या-कामगारांच्या मुलांना त्यांनी उच्चशिक्षण दिलं, हे जगाच्या इतिहासातलं मोठं काम आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली ती उगाच नव्हे. गुलामांना मोकळं करण्यासाठी त्यांनी मोजलेली किंमत जोतीरावांनी ओळखली होती. मात्र त्यानंतर नऊच वर्षांनी, 1882 मध्ये, त्याच देशाने चिनी मजुरांना दार बंद केलं. डोंगर फोडून रेल्वे नेणारे हेच मजूर. आलेला माणूस हवा, पण तो राहायला लागला की नको, हा ताल आपल्याकडच्या शहरांनाही चांगला ठाऊक आहे.

आणि आपलं पंतनगर? ते ज्या तराईत आहे, तिथे स्वातंत्र्यानंतर जंगल तोडून, मलेरिया आटोक्यात आणून फाळणीत होरपळलेल्या निर्वासितांना वसवलं. त्यांचा हक्क कुणी नाकारणार नाही. पण तिथल्या थारू आणि बुक्सा लोकांच्या जमिनी त्यानंतर हातातून निसटत गेल्या. घर गमावलेल्याला घर देताना दुसऱ्याचं गेलं.

तुमच्यापैकी काही जण परदेशात जातील, काही पुण्या-बंगळुरूला. जाल तिथे नवखे असाल, तेव्हा हा इतिहास तुमच्या अंगावर येईलच. त्याची मला काळजी नाही. मला काळजी आहे कृषी खात्यात, महसुलात, बँकेत आणि सौर प्रकल्पांच्या कंपन्यांत जाणाऱ्यांची. जमीन पडीक आहे, असा अहवाल पुढच्या वर्षभरात तुमच्यातला कुणीतरी लिहिणार आहे. सही करण्याआधी त्या गायरानावर पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा जा. तिथे मेंढरं कुणाची बसतात, सरपण कोण नेतं, हे विचारा आणि त्यांची नावं अहवालात लिहा. छापील नमुन्यात तसा रकाना नसेल, तर हाताने आखा.