कापसाचा इतिहास आणि दास्याचे आजचे रूप

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



इतिहासाच्या तासाला अमेरिकेच्या सीमाप्रदेशाचा पाठ सुरू झाला की मुलांना गाड्यांचे तांडे आणि रान तोडून वसविलेली शेते फार आवडतात. परंतु त्या शेतांत काय पिकत होते व कोण पिकवीत होते, असे विचारताच तो पाठ आपल्या वऱ्हाडाशी येऊन भिडतो. १७९३ मध्ये सरकी वेगळी करण्याचे यंत्र निघाले. मूळ रहिवाशांना हुसकावून कापूस पश्चिमेकडे अलाबामा, मिसिसिपीपर्यंत पसरला. १८६० पर्यंत सुमारे दहा लाख गुलाम जुन्या राज्यांतून, बहुधा आप्तांपासून तोडून, त्या मुलखात नेले गेले.

१८६१ मध्ये तेथे यादवी युद्ध पेटले, बंदरे रोखली गेली आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर भारताकडे वळली. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ मध्ये अकोल्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे धावली, १८७० मध्ये खामगावची शाखा उघडली. १८६५ मध्ये युद्ध संपले, अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने गेली. इकडे भाव उतरले आणि अनेक शेतकऱ्यांच्या माथी कर्ज राहिले. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, तो हे नाते ओळखूनच.

आज बेडी दिसत नाही, म्हणून दास्य संपले काय? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे पाच कोटी माणसे आधुनिक गुलामीत आहेत. तिचे आपल्याकडील रूप म्हणजे न फिटणारी उचल. वीटभट्टीला वा ऊसतोडीला जाणारा मजूर आगाऊ रक्कम घेतो. हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. हंगाम सरला तरी बाकी सरत नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्ज रद्द ठरविले आणि ते वेठीचे कर्ज नव्हे, हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकला. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात घेतलेले काम हेदेखील सक्तीचेच श्रम होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिला.

आपण व्यापारी समाज आहोत; म्हणून हा विषय आपल्या उंबरठ्याच्या आतला आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपणांस पाठ आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. मुदत संपूनही मजुराला जाऊ न देणे हा बंध नव्हे काय? शक्तीबाहेर राबविणे हे अतिभारारोपण आणि मजुरी अडकवून ठेवणे हा अन्नपाननिरोध नव्हे काय? राजकन्या चंदना कौशांबीच्या बाजारात विकली गेली, पण तिच्या पायी बेडी पडली ती एका श्रेष्ठीच्याच घरी, हे विसरू नये. भगवान महावीरांनी आहार स्वीकारला तो त्या बंदिनीच्या हातून.

मेळघाटातील कोरकू कुटुंबे आजही रोजगारासाठी गाव सोडतात. त्यांच्यापैकी कोणी आपल्या शेतात, जिनिंगमध्ये वा घरकामाला आले, तर उचलीचा हिशेब त्यांच्याही हाती लेखी द्यावा, मजुरी वेळेवर चुकती करावी, कागदपत्रे अडवू नयेत आणि त्यांची मुले शाळेत जातात ना, हे पाहावे. हीच या सुवर्णमहोत्सवी वर्षातील आपली खरी प्रभावना ठरेल.