एकच फाटक, तीन जबान्या

(वाहतूक कामगारांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)

महाराष्ट्राच्या वाहतुकीच्या इतिहासात पुणे-नगर रस्त्याला मानाचे पान आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस याच मार्गावर धावली. तेव्हापासून या रस्त्यावर दोन प्रकारचे चालक शेजारी शेजारी गाडी हाकीत आले आहेत, एक एस. टी.चा आणि दुसरा मालट्रकचा. रस्ता एकच, ऊनपाऊस एकच, समोरून येणाऱ्या गाडीचे डोळे दिपवणारे दिवेही तेच. परंतु एस. टी.च्या चालकाला कामगिरीचा तक्ता असतो, मुक्कामाची जागा ठरलेली असते आणि पगारपत्रकावर त्याचे नाव असते. त्याचे दुःख थोडे आहे असे नव्हे. २०२१-२२ सालचा प्रदीर्घ संप त्याने हौसेने केला नव्हता. पण आपले गाऱ्हाणे कोणाच्या दारात मांडायचे, हे त्याला पक्के ठाऊक होते. ट्रकचालकाला पुष्कळदा तेवढेही ठाऊक नसते.

वाहतूक कंपनीत नोकरी कशी, असा प्रश्न ट्रकचालकांना केला तर उत्तरे एकमेकांना छेद देणारी येतात. एक म्हणतो, माझे बरे चालले आहे. दुसरा म्हणतो, यापेक्षा रोजगार हमीवरचे काम परवडले. तिसरा म्हणतो, मी कोणाचा नोकर नाहीच. अशा वेळी चळवळीतला उतावळा कार्यकर्ता पहिल्याला मालकाचा माणूस ठरवतो, आणि मालक दुसऱ्याला कामचुकार किंवा व्यसनी ठरवून मोकळा होतो. दोघेही चुकतात, कारण तिन्ही जबान्या खऱ्या असतात. त्या एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, याचा उलगडा झाल्याखेरीज या धंद्यातील संघटनेचे पाऊल पुढे पडणार नाही.

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याचे फाटक डोळ्यांपुढे आणावे. रात्रीचे दहा वाजले आहेत. माल भरून घेण्यासाठी तीन ट्रक ओळीने उभे आहेत. तिन्हींच्या दर्शनी पाटीवर एकाच वाहतूक कंपनीचे नाव आहे. तिघे चालक शेजारच्या टपरीवर चहा पीत बसले आहेत. हे तिघे कोणी विशिष्ट व्यक्ती नव्हेत. पण नगर जिल्ह्यातील कोणत्याही फाटकावर ते भेटतील.

पहिला कंपनीचा पगारी चालक आहे. गाडी कंपनीची, मार्ग ठरलेला, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो. नवीन गाडी आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालट्रकांना चालकाची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले आहे, त्याचा लाभ त्याला मिळाला आहे. बड्या कारखान्याशी कंपनीचा वार्षिक करार आहे आणि त्या कारखान्याला आपल्या नावाला बट्टा नको आहे, म्हणून कागदपत्रे चोख आहेत. तो समाधानी आहे, आणि त्याच्या समाधानात लाजिरवाणे काहीच नाही.

दुसरा फेरीवर आहे. त्याला महिन्याचा पगार नाही. निघताना हातावर खर्ची पडते. डिझेल, जेवण, ताडपत्री, वाटेतला चिरीमिरीचा खर्च सारे त्यातच भागवायचे. उरले ते त्याचे, कमी पडले तर तेही त्याचेच. डिझेलचे अॅव्हरेज बसले नाही तर फरक त्याच्या हिशेबात धरला जातो. पोहोच पावतीवर मालाची तूट नोंदली गेली तर तीही त्याच्याच नावे. क्लीनर परवडत नाही, म्हणून क्लीनर नाही. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असण्याचा नियम पूर्वी होता, तो २०१८ साली शिथिल झाला; म्हणून दुसरा चालकही नाही. जितक्या फेऱ्या तितकी मिळकत, आणि म्हणून झोप हीच त्याची एकमेव बचत झाली आहे.

तिसरा स्वतःच्या गाडीचा मालक आहे, निदान नोंदणीपुस्तकावर तरी. गाडी कर्जावर घेतली आणि कंपनीकडे लावली. भाडे कंपनी ठरवते, माल कंपनी देते, पैसे कंपनीच्या सवडीने मिळतात. पण कर्जाचा हप्ता, विमा, टायर आणि दुरुस्ती त्याच्याकडे. परतीचे भाडे मिळाले नाही तर मोकळी गाडी हाकीत यायचे. लोक त्याला शेठ म्हणतात, आणि शेठ आपल्या गाडीखाली सतरंजी टाकून झोपतो.

तिघांचे काम एक, माल एक, मार्गही पुष्कळदा एक. अनुभवातले अंतर पडते ते कंपनीने प्रत्येकाशी जोडलेल्या वेगवेगळ्या नात्यामुळे. मालक दयाळू की कठोर, हा प्रश्न दुय्यम आहे. पहिल्याला जे स्थैर्य मिळते त्याची किंमत काही अंशी दुसरा आणि तिसरा मोजत असतात. कारण मंदी आली, मागणी घटली, की कंपनी प्रथम फेरीवरची आणि लावलेली गाडी थांबवते. पगारी गाडी चालू ठेवते. धंद्यातील जोखीम अशी वरून खाली उतरत उतरत ज्याच्यापाशी सोसण्याची ताकद सर्वांत कमी त्याच्या पदरात येऊन पडते.

येथे लहान वाहतूकदारावर सरसकट आग पाखडणेही अन्यायाचे होईल. देशातील बहुतांश ट्रक थोड्याथोडक्या गाड्या बाळगणाऱ्या लहान मालकांचे आहेत. भाड्याचा दर ते ठरवीत नाहीत. तो माल पाठवणारा कारखानदार, बडा व्यापारी आणि मधला दलाल ठरवतो. डिझेल वाढले म्हणून भाडे त्याच दिवशी वाढत नाही. चालकाला पिळणारा हात पुष्कळदा स्वतःच पिळलेला असतो. तेव्हा दोष शोधायचा तो साखळीच्या खालच्या कडीत नव्हे, तर साखळी जिथून सुरू होते तिथे.

कायदा काय म्हणतो? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती दिली, आठवड्याची सुटी दिली. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला तो लागू होता. तो कागदावरच राहिला हे खरे. तरी कागदावर तो होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. त्या संहितेत वाहतूक व्यवसायासाठी पाचाचा आकडा दहा झाला आहे. ज्या धंद्यात चार-सहा गाड्यांचे मालकच अधिक, तिथे पाचाचे दहा करणे म्हणजे उंबरठा उंचावून म्हाताऱ्याला आत या म्हणण्यासारखे आहे.

याहून बारीक आणि म्हणूनच अधिक घातक अशी एक गोष्ट त्या जुन्या कायद्यात होती आणि ती नव्या संहितेनेही उचलली आहे. कामाचे तास मोजताना गाडी चालवण्याचा वेळ धरायचा, त्याला जोडून येणाऱ्या कामाचा वेळ धरायचा. पण थांब्याच्या ठिकाणी नुसते हजर राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांहून कमी असेल तरच धरायचा. ही व्याख्या बसगाड्यांच्या वेळापत्रकाला कदाचित शोभेल. मालट्रकच्या चालकाला ती कशी शोभावी? कारखान्याच्या फाटकावर तो पंधरा मिनिटे थांबत नाही, पंधरा तास थांबतो. नेप्तीच्या किंवा घोडेगावच्या कांदा बाजारातून माल घेऊन दूरच्या मंडईत गेलेला चालक उतरवणीचा नंबर येईपर्यंत गाडी सोडून हलू शकत नाही. माल नाशवंत, जबाबदारी त्याची. बंदरावर कंटेनर घेऊन गेलेल्याची तीच गत. त्या वेळात तो घरी नसतो, झोपलेला नसतो आणि हिशेबात कामावरही नसतो.

हा न मोजलेला वेळ सर्वांत उघडपणे पाहायचा असेल तर गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याच्या गाडीतळावर जावे. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या कारखान्याने सहकाराचा पाया घातला, आणि हा जिल्हा साखरेचा जिल्हा झाला. सभासद शेतकऱ्याला तिथे मत आहे, कायम कामगाराला वेतनमंडळाचा आधार मिळाला. परंतु ऊस वाहणारा चालक यापैकी कोणीच नव्हे. तो तोडणी-वाहतुकीच्या कराराने बांधलेल्या ठेकेदाराचा माणूस. गव्हाण बंद पडली की काट्यापुढची रांग वाढते. चालक दिवसरात्र गाडीवर बसून राहतो आणि मोबदला मात्र वाहिलेल्या टनांवर आणि अंतरावर ठरतो. गव्हाण कारखान्याची बंद पडली, दिवस चालकाचा बुडाला. सहकाराच्या नावाने चालणाऱ्या संस्थेच्या आवारातच असहकार्याचे हे उदाहरण वर्षानुवर्षे उभे असावे, हे या जिल्ह्याला भूषणावह नाही.

रांगेत गेलेले तास रस्त्यावर भरून काढावे लागतात. मालासोबतच्या ई-वे बिलाची मुदतही दर दोनशे किलोमीटरमागे एक दिवस अशी ठरलेली असते, आणि घड्याळ थांबत नाही. मग फाटकावर दवडलेली रात्र दुसऱ्या रात्रीच्या वेगातून वसूल होते. अपघात झाला की वर्तमानपत्रात चालकाला डुलकी लागल्याचे छापून येते. ती डुलकी कोणाच्या फाटकावर जन्मली, हे कोणी छापत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. भारतीय न्याय संहितेत, अपघातात मृत्यू घडवून पोलिसांना न कळवता निघून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली होती. पूर्वीच्या कलमात निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी दोन वर्षांची मर्यादा होती. मृताच्या कुटुंबाला न्याय मिळालाच पाहिजे, याविषयी कोणाही विवेकी माणसाचे दुमत असणार नाही. परंतु चालक म्हणत होते की, थांबलो तर जमाव मारतो आणि निघालो तर कायदा मारतो. जमावाच्या रोषाचा धोका मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमानेही ओळखला आहे. चालकांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघेनात आणि गावोगावच्या पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. पगारी, फेरीवाला आणि लावलेल्या गाडीचा मालक, तिघेही त्या दोन दिवसांत एकाच बाजूला उभे होते, कारण संकटाने तिघांत भेद केला नव्हता.

पुढे काय झाले, तेही लक्षात ठेवले पाहिजे. सरकारने बोलणी केली ती ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसशी, म्हणजे वाहतूकदारांच्या संघटनेशी. ते उपकलम चर्चेशिवाय लागू करणार नाही असे आश्वासन मिळाले, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा ते वगळलेले होते. विजय झाला, पण चालकांच्या वतीने मेजावर बसले ते मालक. संप मिटला आणि चालक पुन्हा आपापल्या फाटकावर एकटे झाले.

म्हणून मुद्दा असा की, तिघांना बांधणारा धागा वर्षातून एकदा संकटाने दाखवण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तो रोज फाटकावर दिसतो. पगारी चालकालाही थांबावे लागते, फेरीवाल्यालाही, शेठलाही. थांबण्याचा वेळ हा कामाचा वेळ आहे आणि त्याचा मोबदला ज्याच्या फाटकावर थांबावे लागले त्याने द्यावा, ही मागणी तिघांची एक होऊ शकते. ती लहान वाहतूकदाराच्याही हिताची आहे, कारण उभी गाडी त्यालाही खाते.

ही मागणी राबवायची कोणी? वाट नवी नाही. मुंबईच्या गोदीत एकेकाळी कामगाराला मालक नव्हता. ज्या दिवशी जे जहाज, त्या दिवशी तो मुकादम. १९४८ च्या कायद्याने गोदी कामगारांच्या नोंदणीची आणि मंडळांची वाट खुली केली. पुढे १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. मालक अनेक असोत, काम तुकड्यातुकड्यांचे असो. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा आणि उपचार द्यायचे, हे त्याचे सूत्र. त्याही कायद्यातून पळवाटा निघाल्या. तरी हमालाला कामगार म्हणून ओळख मिळाली ती त्यानेच. आज बाजार समितीच्या आवारात ट्रकमध्ये पोती चढवणाऱ्या नोंदीत हमालाला मंडळ आहे, आणि तीच पोती हजार किलोमीटर वाहून नेणाऱ्या चालकाला नाही. पाठीवरच्या ओझ्याला कायद्याने ओळखले. स्टिअरिंगवरच्या हातांना अजून ओळखायचे आहे.

प्रत्येक बिल्टीमागे माल पाठवणाऱ्याकडून ठरावीक लेव्ही, तिच्यातून चालकाचा विमा, निधी आणि उपचार. फाटकावर येण्याची व सुटण्याची वेळ बिल्टीवर नोंदणे सक्तीचे. आणि कायद्याच्या लाभासाठी कामगारांच्या संख्येची अट नको, अशी या मंडळाची रूपरेषा असू शकते. गाडी स्वतःची असली तरी ती स्वतः चालवणारा चालक मंडळात हवाच. त्याला मालक मानून बाहेर ठेवणे म्हणजे कंपनीने पाडलेली फूट चळवळीने मान्य करणे होय. आणि सुरुवात कोठून करायची, असे कोणी विचारील, तर नगर जिल्ह्यातील सहकारी साखर कारखान्यांपासून. ज्या संस्था शेतकऱ्यांनी एकत्र येऊन उभारल्या, त्यांना एकत्र येण्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागू नये. काट्यावर उसाचे वजन किलोपर्यंत मोजले जाते. गाडी किती वाजता आली आणि किती वाजता मोकळी झाली, हेही त्याच काट्यावर, त्याच पावतीवर नोंदता येईल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. चालकाचा वेळ हाही माणसाच्या आयुष्याचा वेळ आहे, एवढे मान्य करावे लागते.