गाडीचा गॅस संपत नसतो

आज आम्ही बचत गटाच्या सहयोगिनी तुमच्याशी गाडीच्या एसीबद्दल बोलणार आहोत. हसू नका. बायांच्या कार्यक्रमात हा विषय कुठून आला, असं वाटेल. तो आला आमच्या कर्जाच्या नोंदवहीतून.

आपल्या रामटेक तालुक्यात आता बऱ्याच घरी सवारीची गाडी आहे. कुणाचा मुलगा चालवतो, कुणाचे मालक. गडावरचे भाविक, खिंडसीला आणि पेंचला येणारे पाहुणे, लग्नाचं वऱ्हाड, नागपूरच्या दवाखान्यात न्यायचा पेशंट, सगळे याच गाड्यांतून जातात. नागपूर इथून पन्नासेक किलोमीटर. एप्रिल-मे महिन्यात गिऱ्हाईक भाडं विचारायच्या आधी विचारतं, "एसी चालू आहे ना?" नाही म्हटलं की सवारी गेली. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा तापनात बाळंतीण किंवा म्हातारं माणूस बंद एसीच्या गाडीत बसवून न्यायचं म्हणजे खेळ नाही. तेव्हा एसी ही आपल्याकडे चैन राहिलेली नाही, ती रोजीची गोष्ट झाली आहे.

आमच्या एका गटात एकाच घरानं तीन उन्हाळे ओळीनं कर्ज घेतलं. कारणाच्या रकान्यात तिन्ही वेळा लिहिलेलं, "गाडीचा गॅस." दर वेळी अडीच हजार. पहिल्यांदा काही जणींना वाटलं, गाडी गॅसवर चालते म्हणून सिलिंडर भरायचा असेल. तो गॅस नव्हे, एसीतला गॅस. मेस्तरी म्हणे, "गॅस संपला, भरावा लागेल." भरला की दोन महिने गारवा, पावसाळा लागेपर्यंत पुन्हा गरम हवा. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

इथंच पहिली गोष्ट समजून घ्या. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांत गोल गोल फिरत असतो. घरच्या फ्रीजमध्ये आपण दरवर्षी गॅस भरतो का? गाडीत रबरी नळ्या असतात, हादरे बसतात, म्हणून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरं. पाच-सहा वर्षांनी एकदा भरावा लागला तर समजू शकतो. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर गॅस "संपत" नाही, कुठूनतरी गळतो आहे. फुटक्या माठात पाणी भरत बसण्यासारखं ते आहे.

आता हे यंत्र चालतं कसं ते सांगतो. इंजेक्शन द्यायच्या आधी सिस्टरबाई दंडाला स्पिरिट लावतात, तेव्हा गार वाटतं ना? स्पिरिट उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. आपला कुलरही तसाच, ताटीवरचं पाणी उडतं आणि हवा थंड होते. गाडीच्या एसीत पाण्याच्या जागी तो गॅस असतो. डॅशबोर्डच्या आत एक जाळीदार पेटी असते, तिच्यात पातळ झालेला गॅस उडून वाफ होतो आणि पेटी बर्फासारखी गार पडते. ब्लोअरचा पंखा तिच्यावरून हवा फेकतो. मग ती वाफ बोनेटखालच्या कॉम्प्रेसरमध्ये जाते. हा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. तो वाफ दाबून गरम करतो आणि पुढं रेडिएटरसमोरच्या कंडेन्सरकडं पाठवतो. कंडेन्सर म्हणजे गाडीच्या नाकाजवळची बारीक पात्यांची जाळी. तिथं बाहेरच्या हवेनं गॅसची उष्णता निघून जाते, तो पुन्हा पातळ होतो आणि परत आत येतो. कुलरमधलं पाणी उडून हवेत जातं, यातलं कुठंच जात नाही. फरक एवढाच.

हे कळलं की गाडीचा आजार घरच्या घरी बराच ओळखता येतो. पण बोनेट उघडायच्या आधी पदर खोचा, वेणी वर बांधा, ओढणी काढून ठेवा. चालू इंजिनच्या पट्ट्याजवळ हात न्यायचा नाही. पुढचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही आपोआप फिरायला लागतो. आणि एसीची कुठलीही नळी आपण सैल करायची नाही. बहुतेक गाड्यांत असतो तो आर-१३४ए नावाचा गॅस उणे २६ अंशांवरच उकळतो. डोळ्यात किंवा हातावर उडाला तर गारठ्यानं कातडी जळते. आपलं काम बघायचं, ऐकायचं आणि विचारायचं.

हवा गार आहे, पण येतेच कमी? आधी फिल्टर बघा. बऱ्याच गाड्यांत तो समोरच्या सामानाच्या कप्प्यामागं असतो. आपल्याकडं धानाची मळणी, तणसाचा भुसा, मनसरकडचा खाणीचा धुराळा, सगळं त्यात जाऊन बसतं. एका गाडीच्या फिल्टरवर तर उंदरानं चिंध्यांचं घरटं केलेलं आम्ही पाहिलं. अर्धा तास छान गार हवा, मग हवा कमी कमी होत जाते, एसी दहा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा येते, असं असेल तर आतल्या पेटीवर बर्फ धरतो आहे. त्यातही फिल्टर पहिला संशयित. मग गॅस कमी असणं, किंवा बर्फ होऊ न देणारा सेन्सर बिघडणं.

हायवेवर गार, आणि कामठीच्या गर्दीत उभं राहिलं की गरम? मग बहुधा कंडेन्सरचा पंखा चालत नाही, किंवा जाळी चिखल-भुशानं बुजली आहे. चालत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला पंखाच लागतो. एसी लावून समोर उभं राहून बघा, पंखा फिरतो का. जाळी धुताना पाण्याची हलकी धार मारायची. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्यानं पाती वाकतात आणि मग हवाच जात नाही.

हवा भरपूर, पण अजिबात गार नाही? इंजिन चालू ठेवून एसीचं बटण दाबा आणि कान द्या. बोनेटमधून "टक" असा आवाज येतो, तो कॉम्प्रेसरचा क्लच धरल्याचा. काही नव्या गाड्यांत हा क्लच नसतो, तिथं आवाजावर जाऊ नका. जुन्या गाडीत टक आलाच नाही तर फ्यूज, रिले, वायर बघायला सांगा. उंदरं वायरही कुरतडतात. गॅस फारच कमी झाला की दाबाचा स्विचही कॉम्प्रेसरला चालू होऊ देत नाही, तो बिचारा यंत्र वाचवत असतो.

गाडीखाली पाणी ठिबकलं म्हणून घाबरू नका, ते हवेतलं दव आहे, चांगली खूण आहे. तेच पाणी आत पायाशी साचलं तर निचऱ्याची नळी बुजली आहे. ती साफ करायला गॅस काढावा लागत नाही. तसं कुणी सांगितलं तर दुसरा मेस्तरी शोधा.

आता गॅरेजमधलं. तिथं निळा आणि लाल असे दोन काटे लावतात. गाडी तासभर बंद असेल तर दोन्ही काटे सारखे दिसतात. ऊन ४० अंश असेल तर साधारण १३० पीएसआय. पण नुसत्या या आकड्यावर "गॅस भरपूर आहे" म्हणता येत नाही. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरचं आठवा. शेवटच्या दिवसापर्यंत जाळ तसाच जोरात असतो, आत किती उरला ते उचलून किंवा वजन करूनच कळतं. इथंही तसंच. म्हणून चांगला कारागीर आतला गॅस यंत्रानं काढून त्याचं वजन करतो. किती हवा ते बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. लहान गाडीला साधारण अर्ध्या किलोच्या आसपास लागतो. नळीला हात लावून "झालं, बस" म्हणणाऱ्याकडं तराजू नाही हे ओळखा. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो.

भरायच्या आधी निदान अर्धा तास पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून घ्यायला हवी. मग पंप बंद करून काटा बघत बसायचं. काटा सरकला तर गळती. बारीक गळती त्यातही लपते. तिच्यासाठी नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावतात, किंवा चमकणारा रंग आत सोडून निळ्या दिव्यात शोधतात. गॅसबरोबर तेलही फिरत असतं, म्हणून जिथून गॅस जातो तिथं तेलकट धुळीचा डाग पडतो.

तो डाग आमच्या गटातल्या त्या घरच्या सुनेनंच शोधला. चौथ्यांदा कर्जाचा अर्ज आला तेव्हा बैठकीत बराच आवाज झाला. म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, "गारव्यासाठी कर्ज घ्यायचं का माय?" सून म्हणाली, "गारवा गिऱ्हाइकाला लागतो, हप्ता मला भरावा लागतो." दोघींचंही बरोबर होतं. शेवटी ठरलं की आधी गळती शोधा, मग बोलू. तिनं सकाळी थंड गाडीसमोर बसून मोबाइलच्या उजेडात जाळी पाहिली. खालच्या कोपऱ्यात, गिट्टीचा मार बसतो तिथं, हाताएवढा काळा तेलकट डाग. नागपूरच्या कारागिरानं फेस लावला तर तिथंच बुडबुडे आले. तीन वर्षं गॅस भरणाऱ्या मेस्तऱ्यानं समोरून ती जाळी रोज पाहिली असणार. नवा कंडेन्सर, त्याच्यासोबत बदलायचा ओल शोषणारा ड्रायर, गॅस आणि मजुरी मिळून साडेसात हजार झाले. तीन वेळा भरलेल्या गॅसचेही साडेसात हजारच झाले होते, वर व्याज. त्यानंतर दोन उन्हाळे गेले, त्या घराच्या पानावर गॅस हा शब्द पुन्हा आलेला नाही.

स्वस्त गॅसच्या नादी लागू नका. कुणी घरच्या सिलिंडरचा गॅस एसीत भरतो म्हणाला तर गाडी तिथून हलवा. गळला तर तो गाडीच्या आत, आपल्या तोंडासमोर गळेल आणि एका ठिणगीचं काम. २०११ साली व्हिएतनाममध्ये जहाजावरच्या थंड कंटेनरांत भेसळीचा गॅस भरला गेला, स्फोट झाले आणि कामगार दगावले. शिवाय आर-१३४ए हवेत सोडला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट हवा तापवतो. तेव्हा "जुना गॅस सोडून देतो" हेही चालू द्यायचं नाही. तो यंत्रात काढून घ्यायचा.

हीटरचं थोडक्यात. त्याला वेगळा गॅस नाही. इंजिन थंड ठेवणारं गरम कूलंट डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीतून फिरतं, त्याचीच ऊब. डिसेंबर-जानेवारीत पहाटे काचेवर धुकं धरलं तर हीटर आणि एसी दोन्ही लावा, एसी हवेतली ओल काढतो. गरम-गार करणारी आतली झडप अडकली तर उन्हाळ्यात चांगला एसीही गरम हवा देतो, तेव्हा गॅसला दोष द्यायच्या आधी तीही बघायला सांगा. आत गोडसर वास आणि काचेवर चिकट वाफ आली तर हीटरची जाळी गळते आहे. रस्त्यात इंजिन तापायला लागलं तर एसी बंद करून हीटर पूर्ण लावा, इंजिनची थोडी उष्णता आत निघून जाते. अंगाची काहिली होईल, पण बाजूला थांबेपर्यंत इंजिन वाचतं. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडायचं नाही.

लग्नसराईत मुलं गाडीत झोपवून बाया मंडपात जातात, हे आम्ही पाहिलं आहे. बंद गाडी उन्हात दहा मिनिटांत दहा अंशांनी तापते. आणि बंद जागेत इंजिन चालू ठेवून एसीत झोपणंही नको. धुराचा विषारी वायू आत येतो, त्याला वास नसतो.

एक नवी गोष्ट. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकांच्या केबिनमध्ये एसी बसवणं सरकारनं सक्तीचं केलं आहे. आपला जबलपूर हायवे ट्रकांनी भरलेला. म्हणजे हे काम वाढणार. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा कोर्स असतो. काटा वाचणं, वजन करणं, फेस लावून बघणं यात ताकदीपेक्षा नजर लागते. दहावी झालेल्या मुली घरी असतील तर चौकशी करा.

आणि ज्यांना एसीसाठी गटातून कर्ज हवं आहे त्यांच्यासाठी: गाडी हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावून चालवा, नाहीतर आतले रबर सुकतात. गॅरेजमधून बिलावर लिहून आणा की गॅस किती ग्रॅम काढला, किती ग्रॅम भरला, गळती कुठं होती, कोणता भाग बदलला. बदललेला जुना भाग डिक्कीत टाकून घरी आणा, बैठकीत बघू. फिल्टरसाठी मात्र अर्ज करू नका, तो तीन-चारशे रुपयांत येतो.