घरांतील शिसें आणि आपलीं मुलें

(ज्युबिली महोत्सवानिमित्त भरलेल्या आईबापांच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीचा दिवस जवळ येऊं लागल्यापासून लोणावळ्यांत काय आणि तिकडे मळवली-कामशेतापर्यंत काय, आपल्या बहुतेक घरीं डागडुजीचीं कामें निघालीं आहेत. पाहुणे येणार, घर नीटनेटकें दिसावें, ही इच्छा योग्यच आहे. परंतु गेल्या आठवड्यांत एका घरीं गेलों असतां जें पाहिलें, त्यामुळें आज या विषयावर बोलणें आम्हांस भाग पडलें आहे. घरधनी काचपेपरानें खिडकीचा जुना हिरवा रंग घासीत होता. खालीं त्या रंगाची पूड सांडली होती, आणि त्या पुडींत त्याचें रांगतें मूल बसून बोटें चोखीत होतें.

त्या गृहस्थास दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पंचवीस वर्षांपूर्वीं, रौप्यमहोत्सवाच्या वेळीं, आम्ही येथेंच सहायक धर्मगुरु होतों. फादरांच्या बंगल्याच्या व्हरांड्याचा कठडा रंगवावयाचा होता आणि गांठीं पैसा थोडा होता. तेव्हां धर्मशिक्षणाच्या वर्गांतील बारा-तेरा मुलें आम्हीं हाताशीं धरलीं. दोन शनिवार त्यांनीं काचपेपरानें आणि फुटक्या काचांनीं तो कठडा घासला; नाकातोंडांत धूळ गेली; आणि त्याच हातांनीं आम्हीं दिलेले वडे खाल्ले. रविवारीं मिस्सेच्या वेळीं आम्हीं त्यांच्या सेवावृत्तीची वाखाणणीहि केली! त्यांतील कांहीं जण आज या सभेंत स्वतः आईबाप होऊन बसले आहेत. त्यांची आम्ही येथें उघड क्षमा मागतों.

त्या रंगांत होतें तरी काय? जुन्या तैलरंगांत शिसें घालण्याची चाल होती. त्यानें रंग उजळ दिसतो, लवकर वाळतो आणि पावसास टिकतो. लोखंडास गंज चढूं नये म्हणून देत असत तो तांबडा अस्तराचा हात तर प्रत्यक्ष शेंदूरच, आणि शेंदूर म्हणजे शिसें भाजून केलेली पूड. आपल्या सरकारनें २०१६ सालच्या नियमांनीं घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांस ९० भाग अशी ठरविली, व ती १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आली. म्हणून त्यापूर्वीं दिलेला रंग संशयितच समजावा. त्यांत आपला लोणावळ्याचा पाऊस! चार महिने भिंती ओल धरतात, आणि दिवाळीच्या सुमारास पोपडे सुटूं लागतात. ज्यांचीं घरें जुनीं आहेत, ज्यांचे जिने व कठडे लांकडी आहेत, त्यांच्याकडे रंगाचे थरावर थर चढलेले असतात. काचपेपर ते सारे एकदम उकरून काढतो.

कठड्याची ही गोष्ट नवी नाहीं. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतीं डॉ. लॉकहार्ट गिब्सन या नेत्रवैद्यानें १९०४ सालींच दाखवून दिलें होतें कीं, तेथील मुलांस होणारी शिशाची विषबाधा ही व्हरांड्यांच्या रंगविलेल्या कठड्यांपासून होते. उन्हानें रंगाची भुकटी होई, ती मुलांच्या हातांस लागे, आणि हातांवरून तोंडांत जाई. १९२२ सालीं त्या प्रांतानें, मुलांचा हात पोंचेल अशा ठिकाणीं शिशाचा रंग देण्यास कायद्यानें बंदी केली. आपणांस त्यासाठीं आणखी पंचाण्णव वर्षें लागलीं.

शिशाची लबाडी अशी कीं, तें शरीरांत चुन्याचें सोंग घेऊन शिरतें. हाडांस व मज्जातंतूंस लागणारें कॅल्शियम ज्या वाटेनें जातें, त्याच वाटेनें हेंहि जातें. प्रौढाच्या अंगीं लागतें त्याच्या चार-पांच पट तें बालकाच्या अंगीं लागतें. मूल उपाशी असेल, किंवा त्याच्या रक्तांत लोह कमी असेल, तर अधिकच. हाडांत तें वर्षानुवर्षें साठून राहतें, आणि आई गरोदर असतां तेथून सुटून गर्भास पोंचतें. पहिल्या पांच-सहा वर्षांत मेंदूच्या तंतूंची जोडणी चाललेली असते. तींत शिसें विघ्न आणतें. मूल आजारी दिसत नाहीं. ताप नाहीं, खोकला नाहीं. त्याचें अभ्यासांत लक्ष लागत नाहीं, सांगितलेलें तें विसरतें, लवकर चिडतें, एवढेंच. मग आपण त्यास मठ्ठ म्हणतों, मास्तर मागल्या बाकावर बसवितात, आणि बाप पट्टा काढतो. अमेरिकेंत डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनीं शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दांत गोळा करून त्यांतील शिसें मोजलें. ज्यांच्या दांतांत तें अधिक, त्यांची बुद्धि व वर्गांतील लक्ष दोन्ही उणीं, असें त्यांस आढळलें व तें त्यांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केलें. हीं मुलें वरून धडधाकटच होतीं.

आपल्या देशांत बंगळूरच्या जॉर्ज फाउंडेशननें मुंबईसह सात शहरांत तपासणी करून १९९९ सालीं निष्कर्ष मांडले. बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तांत शिसें दर डेसिलिटरास १० मायक्रोग्रॅम किंवा अधिक होतें. त्या वेळीं पेट्रोलांतहि शिसें असे, आणि बोरघाट चढणाऱ्या मोटारींचा धूर आम्हीं सर्वांनीं प्याला आहे. २००० सालच्या फेब्रुवारीपासून तें पेट्रोल देशांत बंद झालें. परंतु घरांतलें शिसें राहिलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें शिशाचें निर्धोक असें प्रमाणच नाहीं.

मावळांतील ज्या घरीं रंगाची चैन नाहीं, तेथें भांड्यांकडे पाहावें. पितळेस कल्हई करितांना कथलांत स्वस्त शिसें मिसळलें, तर चिंच-कोकमाच्या आंबटानें तें आमटींत उतरतें. नागभस्म हें शिशाचेंच भस्म. तें बालकास कधींहि देऊं नये. सुट्या हळदीस चकाकी आणण्यासाठीं शिशाचा पिवळा रंग लावतात, हें बांगलादेशांत २०१९ सालीं उघड झालें. तेथील सरकारनें मनावर घेतलें आणि दोन वर्षांत तो प्रकार बाजारांतून हटविला.

औषधानें रक्तांतील शिसें उतरवितां येतें. पण अमेरिकेंत लहान मुलांवर केलेल्या उपचारांचा जो निकाल २००१ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत शिसें उतरलें तरी बुद्धींत सुधारणा झाली नाहीं. म्हणून काळजी आधींच घ्यावयाची. जुना रंग कोरडा घासूं नका, जाळूं नका. पाण्यानें भिजवून मग खरवडा. काम चालू असतां मुलांस व गरोदर स्त्रियांस दुसरीकडे पाठवा. झाडूं नका, ओल्या फडक्यानें पुसा. जेवणापूर्वीं मुलांचे हात साबणानें धुवा, आणि नाचणी, तीळ, पालेभाजी त्यांच्या पोटांत जाऊं द्या. मूल रंगाचे पोपडे खात असेल तर पुण्यास नेऊन त्याचें रक्त तपासून घ्या. रागें भरून तें थांबणार नाहीं.

बंगल्याचा कठडा यंदाहि रंगवावयाचा आहे. तो मोठ्या माणसांकडून भिजवून घासला जाईल, व तोंवर धर्मशिक्षणाचा वर्ग देवमंदिराच्या मागल्या अंगणांत भरेल. खालीं अंथरण्यासाठीं आम्हीं मोठी ताडपत्री आणली आहे. ज्यांस घरच्या कामासाठीं हवी असेल त्यांनीं ती पुढल्या सोमवारपासून न्यावी. मात्र परत आणतांना ती झटकूं नये. आहे तशी आंत गुंडाळून आणावी.