नेम धरणाऱ्या आज्या

दुपारची वेळ आहे. कुणाची भांडी राहिली असतील, कुणी शेंगा फोडत बसली असेल, कुणी धान्य पाखडत असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढे इकडे असू द्या.

आज आम्ही बोलणार आहोत बंदुकीविषयी. दचकू नका. ही बंदूक कुणाला मारायची नाही. जत्रेत फुगे फोडायची बंदूक आपण सगळ्यांनीच पाहिलेली आहे. नेमबाजीच्या स्पर्धेत जी एअर रायफल आणि एअर पिस्तूल असतं, ती तिचीच शिकलेली भावंडं समजा. दारूगोळा नाही, दाबलेल्या हवेनं छर्रा सुटतो आणि समोरच्या कागदावर भोक पाडतो. आणि आम्हाला सांगायचं आहे ते वय झाल्यावरही हा खेळ न सोडणाऱ्या, किंवा वय झाल्यावरच तो सुरू करणाऱ्या माणसांविषयी.

हाच विषय का? आम्ही गटांच्या बैठकांना गावोगाव जातो. प्रशिक्षणाची यादी करायला बसलं की पन्नाशीच्या पुढची बाई हमखास म्हणते, "माझ्या सुनेचं नाव घाला. आता आमचं काय राहिलंय शिकायचं?" बाकीच्या माना डोलावतात आणि यादी पुढे सरकते. यावर उपदेश करण्यापेक्षा खरी घडलेली गोष्ट सांगावी, असं आम्हाला वाटलं.

उत्तर प्रदेशात बागपत जिल्हा आहे. उसाचा मुलूख. तिथे जोहरी नावाचं गाव. या गावात डॉ. राजपाल सिंग यांनी मुलांसाठी रायफल क्लब सुरू केला होता. १९९९ साली चंद्रो तोमर नावाच्या आजी आपल्या नातीला तिथे घेऊन गेल्या. क्लबात सगळी मुलंच, नात एकटी जायला बुजायची, म्हणून आजी सोबतीला. चंद्रो आजींचा जन्म १९३२ चा. म्हणजे साठी कधीच ओलांडलेली, घरात मोठं खटलं, गुरंढोरं, शेणगोठा सगळं चालू. नातीला पिस्तुलात छर्रा भरता येईना, म्हणून आजींनी तो भरून दिला, आणि सहज नेम धरून चाप ओढला. नेम बरोबर लागला. शिकवणारे बघत राहिले. म्हणाले, आजी, तुम्हीच का शिकत नाही?

आजी शिकल्या. त्यांच्या जाऊबाई प्रकाशी तोमर, त्याही शिकल्या. दोघी जावा मिळून. घरच्या पुरुषांना कळू नये म्हणून लपूनछपून सराव चालायचा. पिस्तूल एका हातानं, हात सरळ लांब करून धरावं लागतं, आणि त्याचं वजन दीड किलोपर्यंत असू शकतं. हात थरथरू नये म्हणून चंद्रो आजी रात्री घरात पाण्यानं भरलेला जग हात लांब करून धरून उभ्या राहायच्या. आपल्याला सांगा, पाण्यानं भरलेलं भांडं उचलायला कुठल्या बाईला शिकवावं लागतं? जे हात जन्मभर पाणी वाहत आले, त्याच हातांना त्यांनी स्थिर राहायला शिकवलं.

मग दोघी स्पर्धांना जाऊ लागल्या. अंगात घागरा, डोक्यावर ओढणी, हातात पिस्तूल. लोक हसले. म्हणाले, म्हाताऱ्यांना काय नाद लागलाय. पण कागदावरची भोकं खोटं बोलत नाहीत. ज्येष्ठांच्या गटात त्यांनी पदकांवर पदकं मिळवली. आणि खरी कमाई पुढची आहे. आजीच बंदूक चालवते म्हटल्यावर मुलींना कोण अडवणार? प्रकाशी आजींची मुलगी सीमा तोमर हिनं २०१० साली जागतिक चषक स्पर्धेत शॉटगन प्रकारात रौप्यपदक आणलं. जोहरीच्या मुलामुलींना खेळाडू म्हणून सैन्यात, पोलिसात नोकऱ्या मिळू लागल्या. चंद्रो आजी ३० एप्रिल २०२१ ला करोनाच्या साथीत गेल्या, पण तोवर गावाचं वळण बदललं होतं.

या दोघींवर २०१९ मध्ये 'सांड की आँख' नावाचा सिनेमा आला. तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यात आज्यांच्या भूमिका तिशीच्या आसपासच्या नट्यांनी, केस पांढरे करून केल्या. तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, साठीच्या बाईची गोष्ट सांगायला साठीची नटी का चालू नये? आम्हालाही तो प्रश्न रास्त वाटतो. म्हाताऱ्या बाईचं कौतुक करतानासुद्धा तिलाच बाजूला बसवतात.

आता कुणी म्हणेल, त्या दोघी वेगळ्या असतील, एखादी असते अशी. तर तसं नाही, बरं का.

स्वीडन देशाचे ऑस्कर स्वान म्हणून नेमबाज होऊन गेले. रायफल चालवायचे. त्या काळी ऑलिम्पिकमध्ये पळत्या हरणाच्या आकृतीवर नेम धरायची स्पर्धा असे. खरं हरीण नाही, सरकणारी आकृती. स्वान यांनी १९०८ मध्ये साठाव्या वर्षी सुवर्णपदक मिळवलं, १९१२ मध्ये ६४ व्या वर्षी पुन्हा सुवर्ण, आणि १९२० मध्ये ७२ व्या वर्षी रौप्य. ऑलिम्पिकचं पदक मिळवणारा त्यांच्याहून वयस्क खेळाडू कुठल्याच खेळात नाही.

जॉर्जिया देशाच्या नीनो सालुकवाद्झे. पिस्तूल नेमबाज. १९८८ मध्ये एकोणिसाव्या वर्षी त्यांना सुवर्णपदक मिळालं. नंतर लग्न झालं, मुलं झाली, पण खेळ सुटला नाही. २०१६ च्या ऑलिम्पिकमध्ये त्या आणि त्यांचा मुलगा दोघंही नेमबाजीत उतरले. आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५५ व्या वर्षी त्या दहाव्यांदा ऑलिम्पिक खेळल्या. दहा ऑलिम्पिक खेळणारी ती पहिली बाई.

आणि आपल्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत. रायफलीवरचा हात. २०१० मध्ये जर्मनीतल्या म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात, म्हणजे पालथं झोपून नेम धरायच्या प्रकारात, ती जगज्जेती झाली. जागतिक अजिंक्यपद मिळवणारी भारताची पहिली महिला नेमबाज. ऑलिम्पिक मात्र हुलकावणी देत राहिलं. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३७ व्या वर्षी तिनं सुवर्ण मिळवलं, आणि टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा चाळीस वर्षांची होती. तिथे अंतिम फेरी गाठता आली नाही. पण जगज्जेती झाल्यावरही जिनं आणखी अकरा वर्षं रोज रायफल उचलली, तिची चिकाटी आम्हाला पदकाइतकीच मोलाची वाटते.

मग या खेळात वय आड का येत नाही? त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं म्हणजे यात पळायचं नाही. स्थिर राहायचं. दहा मीटरच्या रायफल स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका केवढा असतो? अर्धा मिलिमीटर. खसखशीच्या दाण्याहून बारीक. साधारण ओसरीपासून गोठ्याइतक्या अंतरावर. एका फेरीत असे साठ छर्रे मारायचे. पूर्वी पुरुषांना साठ आणि बायकांना चाळीस असत. बायका थकतील म्हणून असेल. २०१८ पासून दोघांना सारखेच साठ झाले, आणि बायका काही थकल्या नाहीत.

दुसरं, रायफल साडेपाच किलोपर्यंत असते, पण तिचा भार दंडावर घेत नाहीत. उभं राहून कमरेचं हाड जरा बाहेर काढायचं, डावं कोपर त्यावर टेकवायचं आणि हातावर रायफल ठेवायची. मूल कडेवर घेताना किंवा कमरेवर घागर घेताना आपण उभ्या राहतो ना, अगदी तसंच. भार हाडांनी पेलायचा, म्हणजे स्नायू थरथरत नाहीत. हे आपल्या अंगात आधीपासून आहे.

तिसरं, श्वास. सुई ओवताना आपला श्वास आपोआप थांबतो की नाही? नेमबाजही तेच करतो. श्वास थोडा सोडायचा, क्षणभर थांबायचं, आणि चाप हिसका न देता हळूच मागे घ्यायचा. आठ-दहा सेकंदांत जमलं नाही तर हट्ट करायचा नाही. बंदूक खाली घ्यायची, दम घ्यायचा, पुन्हा पहिल्यापासून. तरणी पोरं इथेच घाई करतात. ज्याला थांबणं जमतं त्याचा नेम चांगला लागतो, आणि थांबणं वयानं येतं.

वयाचे त्रासही आहेत, ते लपवायचे नाहीत. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसतं, आणि बंदुकीच्या टोकावरची माशी स्वच्छ दिसली पाहिजे. त्यासाठी डोळे तपासून नेमबाजीपुरती वेगळी काच बसवून घेतात. रायफल धरताना पाठ मागे कलते, तेव्हा कंबर धरते. त्यासाठी पाठीचे, पोटाचे व्यायाम करावे लागतात. खर्चही आहे. परदेशी बनावटीची स्पर्धेची रायफल लाखाच्या घरात जाते. म्हणून सुरुवात क्लबाच्या बंदुकीवरच होते. पन्नास मीटरच्या .२२ रायफलीला तर शस्त्रपरवानाही लागतो. आणि रिकामी असो की भरलेली, बंदूक कधीही माणसाकडे रोखायची नाही, हा तिथला पहिला धडा.

पण पुष्कळसा सराव छर्रा न भरताच होतो. घरात भिंतीवर ठिपका काढायचा, उभं राहायचं, श्वास सांभाळायचा, चाप ओढायचा. रोज. जग घेऊन उभ्या राहणाऱ्या आजी दुसरं काय करत होत्या?

मैत्रिणींनो, आपल्या भाषेत नेम या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक बंदुकीचा नेम. दुसरा चातुर्मासातला नेम. कुणी चार महिने कांदा-लसूण सोडतं, कुणी रोज तुळशीला प्रदक्षिणा घालतं. दोन्हीला आपण 'नेम धरला' असंच म्हणतो. वय झाल्यावर बंदुकीचा नेम टिकतो तो या दुसऱ्या नेमामुळे. रोजचं, ठरल्या वेळचं, न चुकता.

आता एक गोष्ट विचारात घ्या. बाईनं देवाचा नेम धरला की घर तिला वेळ देतं. सासू म्हणते, तिचा नेम आहे, तिला उठवू नका. नवरा चहासाठी थांबतो. पण तीच बाई म्हणाली, मी रोज अर्धा तास हिशेब शिकणार आहे, तर घरातून लगेच हाक येते, "अगं, जरा बघ ना." चंद्रो आजींना रात्री लपून जग धरावा लागला तो याचसाठी. हात थरथरत होते ते बरे करता आले. वेळ मात्र चोरावा लागला.

आणि हे फक्त खेळापुरतं नाही. ज्या गटात मोठ्या वयाच्या बायका शिकायचं सोडतात, तिथे काय होतं ते आम्ही पाहतो. आधी हिशेबाची वही दुसऱ्याच्या हातात जाते. मग पासबुक जातं. मग मोबाईलवर बँकेचा आकडा आला की तो वाचायला मुलाला बोलवावं लागतं. गटाची अध्यक्ष ती, अंगठा तिचा, सही तिची, आणि पैसा कुठे गेला हे तिलाच माहीत नाही. "आता आमचं काय राहिलंय" या वाक्याची एवढी किंमत पडते.

तुम्ही सगळ्यांनी बंदूक घ्या, असं आम्ही म्हणत नाही. तालुक्याला, जिल्ह्याला नेमबाजीचा क्लब असेल तर एकदा नातीला घेऊन बघायला जरूर जा. नात लाजली तर तुम्ही छर्रा भरून द्या. पुढचं पुढे बघू.

पण पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक बाईनं एक नेम धरायचा, स्वतःसाठी. सही शिकायची असो, पासबुक वाचायचं असो, सायकल असो, शिवणयंत्र असो. रोज अर्धा तास. तो नेम गटाच्या इतिवृत्तात तिच्या नावापुढे लिहायचा. आणि बाकीच्या बायकांनी, विशेषतः लेकीसुनांनी, तो अर्धा तास सांभाळायचा. चंद्रो आजींना जाऊबाईंची साथ होती. इथे तर आपण गटात दहा-वीस जणी आहोत. एकीनं त्या वेळात तिचं नातवंड घ्यावं, एकीनं तिच्या घरी जाऊन सांगावं, "काकू आत्ता उठणार नाहीत, त्यांचा नेम आहे."

तीन महिन्यांनी कोणत्या गटात कुणी काय धरलं होतं आणि काय साधलं, ते आम्हाला कळवा. आम्ही ते याच कार्यक्रमात वाचून दाखवू, नावागावानिशी, बाईची परवानगी घेऊन.

चला, शेंगा झाल्या असतील फोडून. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.